मुठीतली कवडी

कटकास आमच्या एका ओडिया सहकाऱ्याच्या घरच्या विवाहास जाण्याचा योग मागे आम्हांस आला होता. मुख्य विधी आटोपल्यावर वधूवरांचा कवडीचा खेळ सुरू झाला. वराने मुठीत कवडी घट्ट धरावयाची आणि वधूने ती मूठ उघडून कवडी काढून घ्यावयाची. पुढे वधूने धरावयाची आणि वराने सोडवावयाची. आपल्याकडे हळद उतरविताना सुपारी सोडविण्याचा जो खेळ होतो त्याचेच हे भावंड. दोन्ही पक्षांकडील मंडळी आरडाओरड करून आपापल्या माणसास बळ देत होती. नवरदेवाच्या बोटांची पेरे पांढरी पडली होती. आणि ज्या वस्तूसाठी हा सारा अट्टाहास चालला होता ती वस्तू पूजासाहित्याच्या कोणत्याही दुकानात अगदी थोड्या पैशांत मिळते.

हा खेळ पाहता पाहता आमच्या मनात एक विचार आला, आणि पुढे कित्येक दिवस तो तेथून हलला नाही. आपल्या मराठीत या कवडीची दुर्दशा काही कमी नाही. एखादी वस्तू मातीमोल झाली की ती आपण कवडीमोल ठरवितो. कंजूष माणसास कवडीचुंबक म्हणतो. ज्याला काहीच द्यावयाचे नाही त्यास फुटकी कवडीही न देण्याची प्रतिज्ञा करतो. परंतु तीच कवडी तुळजापूरच्या भवानीच्या भक्ताच्या गळ्यात माळ होऊन रुळते, आणि तेथे तिचा अपमान करण्याची कोणाची प्राज्ञा नाही. शिवी, देवीचे भूषण आणि लग्नातला खेळ अशा तीन ठिकाणी एकच वस्तू! तिचे मोल तरी नेमके किती? आणि त्याहून मूळचा प्रश्न असा की, जे विरळ ते मोलाचे, हे माणसास शिकविले कोणी? ही शिकवण खरी मानावयाची, की जुनी खोड म्हणून सोडून द्यावयाची?

पदवीपरीक्षेच्या अभ्यासात पैशाच्या जन्माची जी कथा आम्ही पाठ केली होती ती वाचकांनीही केली असेल. चांभारास धान्य हवे असते, परंतु शेतकऱ्यास जोडा नको असतो; दोघांच्या गरजा जुळत नाहीत, म्हणून सर्वांस हवी असणारी अशी एक तिसरी वस्तू मध्ये येते आणि ती म्हणजे पैसा. अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली ही उपपत्ती मांडली आणि तेव्हापासून ती पाठ्यपुस्तकांतून हाललेली नाही. कथा सुटसुटीत आहे. तिच्यात उणीव एवढीच की ती घडल्याचा पुरावा मिळत नाही. मानववंशशास्त्रज्ञ कॅरोलाइन हम्फ्री यांनी १९८५ साली स्पष्ट लिहिले की, निव्वळ वस्तुविनिमयावर चालणारी आणि त्या विनिमयातून पैसा जन्मास घालणारी अशी एकही अर्थव्यवस्था आजवर कोणी वर्णिलेली नाही.

यासाठी दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या जुन्या गावगाड्यातील बलुतेदार काय करीत होता? न्हावी प्रत्येक हजामतीमागे पायली मोजून घेत नव्हता, आणि कुंभार मडक्यागणिक कणसे मागत नव्हता. वर्षभर सेवा करावयाची आणि सुगीच्या वेळी खळ्यावर आपला वाटा न्यावयाचा, असा तो व्यवहार होता. त्यात अन्याय पुष्कळ होता, वाटे जातीच्या पायरीप्रमाणे ठरत, हे विसरता येत नाही. परंतु व्यवहाराचे स्वरूप पाहिले तर तो सौदा नव्हता. ती परस्परांच्या देण्याघेण्याची दीर्घ आठवण होती. एका गावात, जेथे सर्वजण सर्वांना ओळखतात, तेथे आठवण पुरते. पैसा लागतो तो आठवण अपुरी पडू लागली म्हणजे.

ही देण्याघेण्याची आठवण मनुष्याहूनही जुनी आहे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत रक्तावर जगणारी एक वटवाघळाची जात आहे. दोन-तीन रात्री पोटात काही पडले नाही तर हे वटवाघूळ मरते. जेराल्ड विल्किन्सन यांनी १९८४ साली दाखवून दिले की, उपाशी राहिलेल्या वटवाघळास त्याचे शेजारी आपल्या पोटातील रक्त उलटून पाजतात. आणि असे पाजताना, आपल्या नात्यातील आणि नित्याच्या सहवासातील सोबत्यांकडे त्यांचा कल असतो. रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७१ मध्येच या प्रकाराची उपपत्ती मांडली होती. आज मी तुला, उद्या तू मला, असा व्यवहार निसर्गात टिकू शकतो. मात्र त्यास अट अशी की, घेऊन न देणारा ओळखता आला पाहिजे. ज्या कळपात कृतघ्न ओळखता येत नाही तेथे उपकार करणाराच आधी संपतो.

मनुष्याच्या बाबतीत ही अडचण फार मोठी झाली. त्याचे व्यवहार कळपापुरते राहिले नाहीत. सोयरीक दूरच्या टोळीशी होऊ लागली, दुष्काळात परक्या मुलखाचा आश्रय घ्यावा लागू लागला. उपकार करणारा एका पिढीत आणि फेडणारा दुसऱ्या पिढीत, असे होऊ लागले. आता साक्ष कोणाची काढावयाची? माणूस मरतो, विसरतो, आणि सोयीचे असेल तर खोटेही बोलतो. तेव्हा साक्षीदार असा हवा की जो मरणार नाही, कुजणार नाही आणि ज्याला कोणी घरबसल्या बनवू शकणार नाही.

असे साक्षीदार मातीच्या पोटातून आता वर येत आहेत. मोरोक्कोतील बिझमून नावाच्या गुहेत भोके पाडलेले लहान शिंपले सापडले. त्यांचे वय १,४२,००० वर्षांहून अधिक असल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. दक्षिण आफ्रिकेतील ब्लॉम्बॉस गुहेतील शिंपल्यांचे मणी सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीचे आहेत. आपल्या जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे, साळी यांच्या उत्खननात, शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि रेषा कोरलेले कवच मिळाले; तेथील कवचाचे वय सुमारे २५,००० वर्षे ठरले आहे. खानदेशात शहामृग फिरत होते हीच एक नवलाची गोष्ट. परंतु त्याहून नवल असे की, ज्यांना उद्याच्या अन्नाची शाश्वती नव्हती ती माणसे कवचाचा एवढासा तुकडा घासून, भोक पाडून, गोल करीत तासन्‌तास बसत होती.

या मण्यांना पैसा म्हणणे धाडसाचे होईल. त्यांनी काही विकत घेतले जात होते असा पुरावा नाही. परंतु ते केवळ शृंगारासाठी होते असेही म्हणवत नाही. लेसोथोच्या डोंगराळ मुलखात सापडलेल्या अशाच मण्यांची रासायनिक परीक्षा झाली, आणि त्यांतील कित्येक मणी शेकडो किलोमीटर दूरच्या प्रदेशातून आले असल्याचे २०२० साली सिद्ध झाले. हाती हात देत ते तेथवर पोहोचले असले पाहिजेत. आणि असे हात आपल्या काळातही पाहावयास मिळाले आहेत. कालाहारी वाळवंटातील जूहोआन्सी लोकांत 'हजारो' नावाची भेटींची प्रथा आहे, असे पॉली विस्नर यांनी नोंदविले आहे. (हा शब्द आपल्या 'हजारो'सारखा लिहिला तरी त्याचा उच्चार निराळा आहे.) दूरच्या वस्तीतील सोबत्यास मण्यांची माळ द्यावयाची, त्याने लगेच परतफेड करावयाची नाही, कारण तसे करणे म्हणजे नाते तोडणे. पुढे काही काळाने त्याच्याकडून काहीतरी यावयाचे. माळ गळ्यात आहे तोवर नाते जिवंत आहे. १९७४ साली एका वस्तीचे अन्न तुटले तेव्हा तेथील निम्म्याच्या आसपास माणसे अशा सोबत्यांच्या मुलखात जाऊन राहिली आणि जगली. गळ्यातील मण्याने पोटाचे रक्षण केले ते असे.

आता प्रश्न येतो तो विरळतेचा. मण्याऐवजी वाटेवरचा खडा का चालला नाही? कारण उघड आहे. खडा कोणीही उचलील आणि मला तुमच्या आजोबांनी दिला म्हणून सांगेल. ज्या वस्तूच्या पाठीशी श्रम आहेत, अंतर आहे, दुर्मीळपणा आहे, तिचीच साक्ष खरी मानता येते. विरळता ही साक्षीदाराची लायकी आहे. तो विकत घेता येत नाही, म्हणून त्याच्या शब्दास मोल.

ज्या माणसांना असल्या वस्तू ओढून घेत होत्या, ज्यांनी त्या जमविल्या, जपल्या आणि वेळेवर दिल्या, त्यांची मुलेबाळे दुष्काळांतून अधिक संख्येने तगली असतील, आणि ती ओढ आपल्यापर्यंत आली असेल, असे अनुमान करावयास जागा आहे. हे अनुमानच आहे, हे आम्ही मान्य करतो. उत्क्रांतीच्या नावाने मागाहून कोणतीही कथा जुळविता येते, आणि चतुर माणसास ती सहज साधते. परंतु ओढ आहे याबद्दल मात्र संशय नाही. १९७५ साली स्टीफन वर्चेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. एका बरणीत दहा बिस्किटे आणि दुसरीत दोन. बिस्किटे एकाच जातीची, परंतु दोनांच्या बरणीतील बिस्किट चाखणारांस ते अधिक हवेसे वाटले. जेथे आधी दहा होती आणि मागाहून दोन उरली, तेथे ही ओढ आणखी वाढली. आणि इतरांनी ती नेली असे सांगितले तेव्हा तर सर्वांत अधिक. जिभेने आपले काम केलेच नाही. निकाल बरणीने दिला.

गोड पदार्थांच्या ओढीशी याची तुलना करता येईल. रानात मध क्वचित मिळत होता तेव्हा गोडाची हाव उपकारक होती. आता साखर पोत्यांनी मिळते आणि तीच हाव रोग होऊन बसते. विरळतेच्या ओढीचेही तसेच आहे. जोवर विरळता निसर्गाच्या हाती होती तोवर ती ओढ आपणांस प्रामाणिक साक्षीदाराकडे नेत होती. विरळता माणसाच्या हाती आली, आणि हिशेब बिघडला. हे कसे घडले, हे सांगावयास कवडीसारखा दुसरा वक्ता नाही.

कवडी जन्मली मालदीवच्या उथळ समुद्रात. नारळाच्या फांद्या पाण्यात सोडीत, त्यांना कवड्या चिकटत. मग त्या किनाऱ्यावर टाकून आतील जीव कुजू देत, अशी वर्णने जुन्या अरब लेखकांनी केली आहेत. १३४३ साली इब्न बतूता मालदीवला पोहोचला, तेव्हा तेथील लोक बंगालच्या व्यापाऱ्यांस कवड्या देऊन तांदूळ घेत असल्याचे त्याने पाहिले. जेथे कवडी उपजते तेथे तांदूळ उपजत नाही, आणि जेथे तांदूळ उपजतो तेथे कवडी उपजत नाही. पैसा होण्यास एवढे अंतर पुरेसे ठरले. लहान, टणक, एकसारखी, कसोटीवर घासावी न लागणारी आणि खोटी बनविण्याची यातायात परवडू नये इतकी स्वस्त, असे ते नाणे होते. चार कवड्यांचा गंडा, वीस गंड्यांचा पण, सोळा पणांचा कहाण आणि चार कहाणांचा रुपया. म्हणजे रुपयास ५,१२० कवड्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस सिल्हटचा कलेक्टर रॉबर्ट लिंडसे यास सगळा सरकारी महसूल कवड्यांत घ्यावा लागत होता. त्या कोठारांची आणि ती मोजणाऱ्या कारकुनांची आम्हांस जातीच्या नात्याने कीव येते.

ओडिशातही हाच व्यवहार होता, आणि येथे आपला, म्हणजे मराठ्यांचा, संबंध येतो. १७५१ पासून १८०३ पर्यंत कटक प्रांत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता, आणि त्या काळी येथील जमाबंदीचे आकडे कवड्यांच्या कहाणांत लिहिले जात. १८०३ साली कंपनी सरकारने कटक घेतले. पुढे काही वर्षांतच महसूल कवड्यांत न घेता चांदीच्या रुपयांत घेण्याचे ठरले. चांदी प्रांतात पुरेशी नव्हती. रयतेच्या घरात होत्या त्या कवड्या. त्या बाजारात नेऊन रुपया विकत घ्यावयाचा, तर त्यासाठी जुन्या दराहून पुष्कळ अधिक कवड्या मोजाव्या लागत. सारा कागदावर तेवढाच राहिला. शेतकऱ्याच्या घरातून जाणारे मात्र वाढले. ज्यांच्याजवळ रुपये होते ते त्याच वाऱ्यात गबर झाले. १८१७ साली खुर्द्याच्या पाइकांनी बक्षी जगबंधू यांच्या नेतृत्वाखाली जे बंड केले त्याच्या कारणांत पाइकांच्या जमिनी गेल्या हे होते, मिठाचा मक्ता होता, आणि ही कवडीही होती.

कवडीचा दुसरा अंत आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर झाला. तेथे युरोपीय व्यापाऱ्यांनी मालदीवच्या कवड्या जहाजे भरभरून नेल्या, आणि त्या मोजून जिवंत माणसे गुलाम म्हणून विकत घेतली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झांजीबारच्या बाजूची, थोड्या निराळ्या जातीची कवडी त्याच किनाऱ्यावर इतकी ओतली गेली की, पिढ्यानपिढ्या जपून ठेवलेल्या राशींचे मोल उतरतच गेले. ओडिशात हुकुमाने कवडी मेली. तेथे पुराने मेली. दोन्हीकडे सोसले कोणी? ज्याने ती विश्वासाने घरात जपली होती त्याने. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्याचे ऐकून, तांदळाच्या डब्यात लपविलेली पुंजी ज्या गृहिणींनी बाहेर काढली असेल, त्यांना खुर्द्याच्या शेतकऱ्याचे दुःख इतिहास न वाचताही कळले असेल.

यावर कोणी म्हणेल की, मग पैसा माणसाच्या हातीच देऊ नये. तसे प्रयत्नही झाले आहेत. २००९ साली सुरू झालेल्या बिटकॉइन या संगणकीय चलनात एकूण नाणी दोन कोटी दहा लाखांपलीकडे कधीच जाणार नाहीत असा नियम घालून ठेवला आहे. विरळता गणिताच्या स्वाधीन केली आहे. युक्ती मोठी बुद्धीची आहे. परंतु विरळता एवढ्यानेच मोल येत असते, तर आमच्या हस्ताक्षरासही आले असते; तसले दुसरे अक्षर आमच्या कचेरीत नाही, आणि त्यास कोणी दमडीही देणार नाही. साक्षीदार कितीही सचोटीचा असला तरी तो कशाची तरी साक्ष द्यावयास असतो. माळेमागे सोबती नसेल तर माळ म्हणजे नुसते कवचाचे तुकडे.

येथवर आम्ही तटस्थपणे लिहू शकलो. यापुढचे लिहिताना तो तटस्थपणा आम्हांस शोभणार नाही, कारण विरळता निर्माण करणाऱ्यांत कंपनी सरकार आणि व्यापारीच होते असे नाही. या मासिकाचे वाचक बहुधा आमच्यासारखेच कोठल्या तरी कचेरीत, घरापासून दूर, मेजामागे बसणारे आहेत. मेजामागे बसणाराच्या हाती एक टाकसाळ असते. तिच्यातून विरळता पाडता येते आणि त्यास धातू लागत नाही.

काही वर्षांपूर्वी एक वृद्ध विधवा कुटुंबनिवृत्तिवेतनाच्या कामासाठी आमच्या मेजापुढे येऊन उभी राहिली. दोन कागदांत तिच्या नावाची अक्षरे निराळी पडली होती. लागणारे प्रतिज्ञापत्र तिने आणले होते. नियम तिच्या बाजूचा होता. आमच्याकडून हवे होते ते चार ओळींचे टिपण. आम्ही तिला आमच्या मोडक्या ओडियात "कालि आसन्तु" म्हणून सांगितले. ओडियात 'कालि' याचा अर्थ काल असाही होतो आणि उद्या असाही. कचेरीच्या कामास इतका अनुरूप शब्द आमच्या ऐकिवात दुसरा नाही. ती दुसऱ्या दिवशी आली, आणि आम्ही पुन्हा तोच शब्द वापरला. ती गावाहून बसने येत होती. तिसऱ्या दिवशी आम्ही टिपण लिहिले. लिहिण्यास पाच मिनिटेही लागली नाहीत. काम झाल्याचे कळताच तिने दोन्ही हात जोडले, आम्हांस "बाबू" म्हणून कितीतरी आशीर्वाद दिले आणि पोचपावतीचा कागद पदराच्या टोकात बांधून ती गेली.

आम्ही तिच्याकडून एक पैसाही घेतला नव्हता. कोणाकडूनही घेत नाही, याचा आम्हांस अभिमानच होता. मग दोन दिवस तिला का फिरविले? त्या वेळी कामाचा ढीग होता असे आम्ही स्वतःस सांगितले. परंतु ढीग तिसऱ्या दिवशीही होता. खरे उत्तर त्या लग्नातील घट्ट मूठ पाहताना मिळाले. पहिल्याच दिवशी टिपण लिहिले असते तर ते चार ओळींचे टिपण राहिले असते. तिसऱ्या दिवशी ते अनुग्रह झाले. दहांच्या बरणीतील आठ बिस्किटे आम्ही लपविली होती, आणि जे आशीर्वाद आम्ही ऐकले ते त्या लपविण्याची किंमत होती. तिच्या हक्काची वस्तू आम्ही तिला आमची म्हणून विकली. लाच घेणाऱ्यास निदान आपण काय घेतले हे ठाऊक असते.

ही गोष्ट एका वडील सहकाऱ्यास सांगितली तेव्हा ते हसून म्हणाले, "सहज मिळाले की त्याची किंमत राहत नाही." हे वचन खोटे नाही. भेटीच्या बाबतीत, अलंकाराच्या बाबतीत, स्तुतीच्याही बाबतीत ते खरे आहे. ऊठसूट केलेली स्तुती कोणी मोजीत नाही. परंतु हक्काच्या बाबतीत ते लागू नाही, आणि गरजेच्या बाबतीत तर मुळीच नाही. 'पाण्यासारखा पैसा खर्च केला' असे आपण म्हणत आलो. पाणी म्हणजे ज्याचा हिशेब ठेवण्याचे कारण नाही ते. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले, तेव्हा पाण्याचे मोल निश्चितच वाढले होते. परंतु त्या मोलवाढीने लातुरात आनंद झाला असेल काय? पाणी मोलाचे आहे हे कळण्यासाठी ते आटावे, अशी इच्छा तहानलेला माणूस कधी करणार नाही. करील तो टँकरवाला.

येथे आम्हांस एक कसोटी सापडल्यासारखे वाटते, आणि ती मांडण्यासाठीच हा सारा प्रपंच केला. एखादी वस्तू आपणांस प्रिय असेल तर स्वतःस विचारावे की, ती जगात वाढावी असे आपणांस वाटते, की कमी व्हावी असे? सोने साठविणारा नवी खाण सापडल्याचे ऐकून अस्वस्थ होतो. शेतकरी दुसऱ्याच्या गावीही पाऊस पडल्याचे ऐकून सुखावतो. ज्या वस्तूच्या टंचाईत आपला लाभ असतो तिच्यावर आपले प्रेम नसते. ती आपल्या आणि इतरांच्या मधले अंतर दाखविते, आणि आपले प्रेम त्या अंतरावर असते. साक्षीदार विरळ असावा हे योग्यच. परंतु ज्याची साक्ष द्यावयाची ते सौहार्द, तो विश्वास, ते वेळेवरचे साहाय्य, ही विपुल असावीत. मनुष्याची चूक अशी झाली की, साक्षीदारास जपता जपता साक्षीदाराचा गुण त्याने मूळ वस्तूवरही लादला. मणी विरळ तशी माणुसकीही विरळ असली म्हणजे शोभते, असे त्यास वाटू लागले.

आपणां परप्रांतस्थांस ही कसोटी लावून पाहण्यास एक उदाहरण घरचेच आहे. दादरच्या रस्त्यावर "अहो, जरा थांबा" असे कोणी म्हटले तर आपण मानही वळवीत नाही. तेच शब्द कटकच्या बाजारात कानी पडले की पाय आपोआप थबकतात, आणि अनोळखी माणसाची चौकशी करून त्यास चहाला घरी नेईपर्यंत आपणांस चैन पडत नाही. मराठी येथे विरळ आहे, म्हणून ती गोड लागते. परंतु ती आणखी गोड लागावी यासाठी आणखी विरळ व्हावी, मुलांच्या तोंडून नाहीशी होऊन मंडळाच्या वार्षिक उत्सवापुरती उरावी, असे आपल्यापैकी कोणास वाटते? उलट चार माणसे अधिक भेटावीत, मुलांनी ती घरात तरी बोलावी, म्हणून तर आपण धडपडतो. भाषेवर आपले प्रेम आहे याचा याहून निराळा पुरावा नको.

तुकोबांच्या चरित्रात एक प्रसंग परंपरेने सांगितला जातो. दुष्काळाने होरपळल्यावर त्यांनी घरातील लोकांकडच्या येण्याची खते काढली, भावाच्या वाट्याची त्यास दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडविली. या कृतीस आपण वैराग्य म्हणतो. परंतु खत म्हणजे तरी काय? तीही एक साक्ष. अमक्याने अमक्यास अडचणीत दिले याची आठवण. तुकोबांनी साक्ष बुडविली. दिलेले धान्य काही त्यांनी परत मागितले नाही, आणि ते ज्यांच्या पोटात गेले होते त्यांच्या पोटातून ते नाहीसेही झाले नाही. आमच्यासारख्यांस एवढे साधावयाचे नाही. आम्ही आमचे भविष्यनिर्वाहनिधीचे कागद कोणत्याही नदीत बुडविणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पैसा नको म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही, आणि विरळाची ओढ दीड लक्ष वर्षांची असेल तर ती एका लेखाने जाणारही नाही. साधण्यासारखे आहे ते इतकेच की, जे आपल्या मुठीत आहे, जे देण्यात आपले काही जात नाही आणि जे दुसऱ्याच्या हक्काचे आहे, ते विरळ करू नये.

त्या विवाहात शेवटी काय झाले ते सांगावयाचे राहिले. वधू हसत होती, दोन्ही हातांनी त्याची बोटे एकेक करून उलगडीत होती, आणि नवरदेव इरेस पेटला होता. तेवढ्यात मांडवाच्या कडेने त्याच्या आजीने ओडियात काहीतरी म्हटले. सगळे हसले. शेजाऱ्यास विचारता त्याने सांगितले, "ती म्हणते, अरे, जन्मभर तिच्यापासून कवडी लपविणार आहेस काय?" नवरदेव लाजला, आणि मूठ उघडली.